आधी काच, मग कॅमेरा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या विक्रोळीच्या वस्तीतील अभ्यासिकेत मुले-मुली विचारपूस करायला येतात. पूर्वी त्यांचे प्रश्न ठरलेले असत. आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा, बी.कॉम. करावे की बँकेच्या परीक्षेला बसावे, टायपिंगचा क्लास कोठे चांगला. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "काका, कॅमेरा कोणता घेऊ?" लग्ने, साखरपुडे, वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलने, यूट्यूबवरची गाणी, या सगळ्यांना फोटो काढणारा लागतो आणि त्या कामावर आज वस्तीतील काही घरे चालतात. तेव्हा हा प्रश्न हौसेचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. तो पोटाचा प्रश्न आहे आणि बहुतेक घरांत तो कर्जाचाही होतो. म्हणून चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले.

मी धंद्याने फोटोग्राफर नाही. कचेरीत खतावण्या सांभाळणारा कारकून आहे. पण कॉलेजात असताना, १९९८-९९ च्या सुमारास, मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आले ते आजतागायत सुटलेले नाही. त्या वेळी एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. रोल, धुलाई आणि प्रिंट धरून प्रत्येक फोटोमागे पैसे मोजावे लागत, म्हणून बटण दाबण्याआधी विचार करण्याची सवय लागली. स्टेशनजवळ एक वयस्कर स्टुडिओवाले होते. रोल धुऊन झाला की ते निगेटिव्ह दिव्यासमोर धरून काय साधले आणि काय फसले ते समजावून सांगत. मला जे काही येते ते त्यांच्या त्या पाच-पाच मिनिटांतून आले.

हप्त्याचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या घरात आला. माझा भाचा तेव्हा बावीस वर्षांचा होता. बारावीनंतर तो एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून जात असे. लाइट धरायचे, वायरी गुंडाळायच्या, बॅगा वाहायच्या आणि दिवसाला १,२०० रुपये घ्यायचे. लग्नसराईत महिन्याला दहा-बारा दिवस काम मिळे, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. स्वतःचा कॅमेरा असेल तर दिवसाची मजुरी दुप्पट-तिप्पट होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. एका दुकानात जाऊन त्याने नवा मिररलेस कॅमेरा आणि एक लेन्स पसंत केली. किंमत १,२०,००० रुपये. थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, चार घरची धुणीभांडी करते. दाजी २००९ साली गेले. तिने गळ्यातले मणी सोडून उरलेले सोने गहाण टाकण्याची तयारी केली आणि मला बोलावून घेतले.

"भाऊ, तूच सांग. पोराचं मन मोडायचं नाही आणि डोक्यावर कर्जही नको."

भाचा म्हणाला, "मामा, सोनं कशाला गहाण टाकायचं? दुकानवाले हप्त्यावर देतात. बारा टक्के व्याज, चोवीस हप्ते, महिना ६,२०० रुपये."

मी कागद घेतला. १,२०,००० वर १२ टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज २८,८०० होते. दोन्ही मिळून १,४८,८००. त्याला २४ ने भागले की ६,२०० येतात. बेरीज-भागाकार बरोबर आहे, पण मेख वेगळीच आहे. पहिला हप्ता भरला की मुद्दल कमी होऊ लागते. इथे मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज पूर्ण १,२०,००० वर धरले आहे. बँका ज्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजतात तसे मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. दुकानात "फ्लॅट रेट" हा शब्द ऐकला की आपल्या माणसांनी तेथेच थांबून "घटत्या शिलकीवर किती?" असे विचारावे. 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी असेल तर प्रोसेसिंग फी किती, विमा सक्तीचा आहे का आणि रोखीने घेतल्यास किंमत कमी होते का हेही विचारावे. फरक तेथे लपलेला असतो.

दुसरा हिशेब त्याहून सोपा होता. जुलै महिन्यात तीन दिवसांच्या कामाचे ३,६०० येणार आणि हप्ता ६,२०० जाणार. उरलेले २,६०० अक्काच्या धुण्याभांड्यांतून भरायचे. भाचा गप्प बसला. पण त्याला नाही म्हणून मी उठून आलो नाही, कारण मुलगा कष्टाळू होता आणि हात चांगला होता. मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली. "तुला गेल्या वर्षभरात कुठे कुठे फोटो काढावे लागले ते लिहून काढ. जागा, वेळ आणि उजेड, तिन्ही लिही."

त्याने लिहिले. समाजमंदिर, रात्र, ट्यूबलाइट. दहा बाय बाराची खोली, हळद, एक बल्ब. मांडव, संध्याकाळ, रंगीत दिवे. शाळेचा हॉल, दुपार, पडदे ओढलेले. यादी वाचली तेव्हा त्याचे त्यालाच उमगले की त्याच्या कामात दोन अडचणी आहेत, उजेड कमी आणि जागा कमी. या दोन्हीवरचा पहिला इलाज लेन्स आहे. कॅमेरा त्यानंतर येतो.

लेन्सवरचे दोन आकडे

प्रत्येक लेन्सवर दोन आकडे असतात. एक मिलिमीटरचा आणि दुसरा 'एफ'चा. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या आतली खिडकी किती उघडते त्याचे माप. आकडा लहान तितकी खिडकी मोठी. कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ मिमीची लेन्स बहुधा मिळते ती ५५ वर नेली की एफ ५.६ च्या वर उघडत नाही. ५० मिमीची एफ १.८ लेन्स पूर्ण उघडली तर तिच्यातून नऊपटींहून अधिक उजेड आत येतो. ५.६ ला १.८ ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग करावा, म्हणजे पडताळा मिळेल. याचा कामात अर्थ असा की जेथे साध्या लेन्सला १/१५ सेकंद लागेल आणि हलणारा माणूस पुसट येईल, तेथे ही लेन्स १/१२५ सेकंदात काम उरकते. अशा एकाच मापाच्या लेन्सला झूम नसतो, पाय पुढे-मागे टाकावे लागतात. पण मोठ्या कंपन्यांच्या लेन्सांत ५० मिमी एफ १.८ ही सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते. गरिबाच्या घरात ती मोठी लेन्स आहे.

एक सावधगिरी सांगतो. खिडकी पूर्ण उघडली की स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. नवरा-नवरीचे डोळे स्पष्ट आणि मागे उभी असलेली आजी धूसर, असे होते. दोन ओळींचा ग्रुप असेल तेव्हा एफ ४ किंवा ५.६ वर यावे आणि कमी पडलेला उजेड फ्लॅशने भरून काढावा.

आता मिलिमीटरचा आकडा. हा जागेचा हिशेब आहे आणि तो त्रैराशिकाने सुटतो. मध्यम किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २३.५ मिमी रुंद असतो. समोरच्या माणसापासून तुम्ही १० फुटांवर उभे आहात असे धरा. २३.५ ला ५० ने भागून १० ने गुणले तर ४.७ येतात. म्हणजे ५० मिमीच्या लेन्सने १० फुटांवरून पावणेपाच फूट रुंदी मिळेल, दोन-तीन माणसे मावतील. ३५ मिमीने ६.७ फूट मिळेल, चार-पाच माणसे मावतील. १८ मिमीने १३ फूट मिळेल, घरातले सगळे मावतील. आपल्या चाळीच्या खोलीत भिंतीला पाठ लावली तरी १० फुटांहून मागे जाता येत नाही. म्हणून भाच्याला मी ५० ऐवजी आधी ३५ मिमी एफ १.८ घ्यायला सांगितली. मोकळ्या हॉलमध्ये काम करणाऱ्याने हाच हिशेब करून ५० घ्यावी. दुसऱ्याने घेतली म्हणून कोणतीही लेन्स घेऊ नये, आपली भिंत किती फुटांवर आहे ते मोजावे.

१८ मिमीने सगळे मावतात, पण कडेला उभी असलेली माणसे पसरट दिसतात. जाड बाई आणखी जाड दिसते आणि तिला ते कायम लक्षात राहते. अशा वेळी कडेला लहान मुलांना बसवू नये, त्यांची डोकी लांबट होतात. सर्वांना थोडे आत ओढून दोन्ही बाजूंना जागा सोडावी.

बोरा बाजारची फेरी

मग आम्ही मामा-भाचे एका शनिवारी सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात गेलो. फोर्टमधील या गल्लीत नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची दुकाने ओळीने आहेत. जुना माल घ्यायचा तर दिवसा जावे, घाई करू नये आणि सोबत तीन वस्तू न्याव्यात. एक लहान टॉर्च, एक मेमरी कार्ड आणि कागद-पेन्सिल.

आम्ही निकॉनचा डी ७२०० बघितला. हे मॉडेल २०१५ साली आले आणि आता नवे निघत नाही, म्हणून किंमत उतरली आहे. हेच का निवडले ते सांगतो. निकॉनची एफ माउंट १९५९ पासूनची आहे, त्यामुळे जुन्या लेन्सा बाजारात पुष्कळ मिळतात. मात्र त्यांपैकी एएफ-डी जातीच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या पोटात असावी लागते. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतील स्वस्त कॅमेऱ्यांत ती नाही, डी ७२०० मध्ये आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे काही मुले स्वस्त लेन्स घेऊन येतात आणि ती आपोआप फोकस करीत नाही म्हणून दुकानदाराशी भांडतात. कॅननची ईएफ माउंट १९८७ साली आली आणि तिच्यात मोटर लेन्समध्येच असते, तेव्हा तेथे ही अडचण नाही. दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली मिररलेससाठी नव्या माउंट आणल्या. जुन्या लेन्सा अडॅप्टर लावून त्यांवर बसतात, पण मोटर नसलेल्या निकॉनच्या लेन्सा निकॉनच्या अडॅप्टरवरही हातानेच फोकस कराव्या लागतात. पुढचा विचार करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

डी ७२०० मध्ये दोन कार्डे बसतात हे दुसरे कारण. लग्न एकदाच होते. एक कार्ड बिघडले तर दुसऱ्यात फोटो राहतात, नाहीतर मुलीच्या बापाला तोंड कसे दाखवायचे?

तपासणी अशी केली. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून पाहिले. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स फुकटही घेऊ नये. खिडकीच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा आहे का ते पाहिले. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ असते. झाकण लावून एक फोटो काढला, म्हणजे कायमचे चमकणारे ठिपके कळतात. आपल्या कार्डावर काढलेला फोटो संगणकावर उघडला की निकॉनमध्ये शटर किती वेळा उघडले तो आकडा वाचता येतो. या मॉडेलचे शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेले आहे आणि आमच्या कॅमेऱ्याचा आकडा ४१,००० च्या आत होता. शेवटी अंगावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून पाहिला. बिल नसलेला माल घेऊ नये. चोरीचा निघाला तर पोलीस आपल्याच दारात येतात आणि आपल्या वस्तीतील पोराचे कोणी आधी ऐकून घेत नाही.

खर्च येणेप्रमाणे झाला. कॅमेरा आणि १८-५५ लेन्स २९,०००. ३५ मिमी लेन्स ८,०००. जुना फ्लॅश ४,०००. नवा ट्रायपॉड ४,५००. हवाबंद डबा आणि किरकोळ सामान ७००. एकूण ४६,२००. भाच्याचे साठलेले १८,००० होते, अक्काने बचत गटातून २०,००० उचलले आणि उरलेले ८,२०० मी घातले. गटाचे व्याज शेकडा एक रुपया, तेही उरलेल्या मुद्दलावर. दहा महिन्यांत ते फिटले. सोने घरातच राहिले.

तीन पायांचा मदतनीस

ट्रायपॉड नवा का घेतला, असे अनेकांनी विचारले. कारण जुन्या ट्रायपॉडच्या कळा सैल झालेल्या असतात आणि तो ऐन वेळी बसतो. घेताना दुकानातच पाय पूर्ण उघडावेत, वरून तळहाताने दाबावे आणि डोके हलके पिळून पाहावे. पिळल्यावर वळवळला तर तो नको. आपले सामान जेवढे भरेल त्याच्या दुप्पट वजन पेलणारा घ्यावा. पायांचे तुकडे कमी तितकी मजबुती जास्त. मधला दांडा वर खेचून उंची वाढवू नये, त्याने तीन पायांचा आधार जाऊन एका काठीवर कॅमेरा डोलू लागतो. वर बसणारी पट्टी हरवली की सगळा ट्रायपॉड निकामी होतो, म्हणून एक जादा पट्टी बॅगेत ठेवावी. स्क्रू मात्र बहुतेक सगळीकडे पाव इंचाचाच असतो.

उभा करताना एक पाय समोरच्या बाजूला असावा आणि दोन आपल्याकडे, म्हणजे आपल्याला मध्ये उभे राहता येते आणि कॅमेरा पुढे कलंडत नाही. लेन्समध्ये हात थरथरण्यावरचा इलाज असतो, निकॉन त्याला व्हीआर म्हणते. ट्रायपॉडवर तो बंद करावा. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा. जुन्या चाळीत लाकडी पाटण असेल तर घरातल्यांना दोन सेकंद जागेवर उभे राहायला सांगावे, चालण्याचा हादरा कॅमेऱ्याला पोहोचतो. आणि गर्दीच्या मांडवात ट्रायपॉड मांडूच नये. मुले अडखळून पडतात. तेथे एका पायाचा मोनोपॉड बरा.

ज्या मुलाकडे आज फक्त मोबाइल आहे त्याला माझे सांगणे असे की कॅमेऱ्याआधी ट्रायपॉड आणि मोबाइल धरणारा चिमटा घ्यावा. आजचे मोबाइल स्थिर उभे केले तर रात्रीही उत्तम फोटो देतात. त्याच ट्रायपॉडवर उद्या कॅमेरा बसेल, पैसे वाया जात नाहीत.

पांढरी साडी आणि सावळा चेहरा

आता जी गोष्ट सांगतो तिचा संबंध सामानाशी थोडा आणि आपल्या मानाशी अधिक आहे. माझ्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम एका स्टुडिओने करून दिला. पांढरी साडी नेसलेली आमची सावळी मुलगी त्यात गुलाबी-गोरी झाली होती. तिने दोन पाने उलटली आणि म्हणाली, "काका, ही मी वाटतच नाही." अल्बमचे पूर्ण पैसे दिले होते.

असे का होते? कॅमेऱ्याचा मीटर समोर जे दिसते ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. आपल्या लग्नात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात. चौकटीत पांढरे भरले की मीटरला वाटते उजेड फार झाला आणि तो सगळेच काळवंडून टाकतो. साडी करडी होते आणि सावळा चेहरा काळा ठिक्कर पडतो. मग संगणकावर बसलेला मुलगा तो चेहरा उजळत उजळत पीठ फासल्यासारखा करतो. इलाज फोटो काढतानाच आहे. अधिक-उणेचे बटण असते, त्यावर अधिक ०.७ ते १ करावे. किंवा मीटर 'स्पॉट'वर ठेवून चेहऱ्यावरून मोजावे. पडद्यावर साडीचा भाग लुकलुकत असेल तर पांढऱ्यातली वीण पुसली जात आहे असे समजून थोडे कमी करावे. मागे काळा पडदा असेल तर उलटे होते, तेथे उणे करावे.

ही अडचण फक्त आपल्या गल्लीतील नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो देत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत आणि त्यावर गोरी स्त्री असे. तिचा रंग बरोबर आला की काम झाले. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात धरलेलेच नव्हते. १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड आले. यंत्र स्वतःहून कोणाला लहान-मोठे मानत नाही, पण ते जुळवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होते याचा परिणाम त्यात उतरतो. म्हणून कॅमेरा आपल्या मुलांच्या हाती यावा असे मला वाटते. भाच्याच्या अल्बममध्ये आज सावळी मुलगी सावळीच आणि सुंदर दिसते, आणि त्याच कारणासाठी लोक त्याला शोधत येतात.

फ्लॅशचेही थोडक्यात सांगतो. तो तोंडावर मारला की घामाची चकाकी आणि भिंतीवर काळी सावली येते. त्याचे डोके छताकडे वळवावे, म्हणजे उजेड पसरून खाली येतो. पण छत पांढरे हवे. मांडवाचे कापड निळे किंवा गुलाबी असेल तर माणसेही त्या रंगाची होतात. तेथे फ्लॅशवर पांढरे कार्ड बांधून काम भागवावे. एलईडी आणि ट्यूबलाइटखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणावे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्याच्याशी हे मेळ खाते.

भिंतीवरचा एक फोटो

घेतलेल्या सामानाचे पहिले काम लग्नाचे नव्हते. अक्काच्या घरात दाजींचा एकच फोटो आहे. चौकटीत पावसाचे पाणी जाऊन तो काचेला चिकटला होता. एका कोपऱ्याचा रंग उडालेला. भाचा काच काढायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवले. चिकटलेला फोटो ओढला की वरचा थर काचेबरोबर निघून येतो आणि माणूस दुसऱ्यांदा जातो. काचेसकट त्याची नक्कल करता येते.

फोटो भिंतीवरच ठेवला. समोर ट्रायपॉड, त्यावर १८-५५ लेन्स ५५ वर. काचेच्या मध्यावर अक्काचा लहान आरसा टेकवला आणि कॅमेऱ्यातून पाहात, लेन्सला तिचे स्वतःचेच प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत ट्रायपॉड सरकवला. असे झाले की कॅमेरा आणि फोटो समांतर असतात, चौकट तिरकी येत नाही. मग आरसा काढला. एकाच जातीचे दोन बल्ब दोन बाजूंनी तिरपे लावले, घरातले बाकीचे दिवे बंद केले. काचेत आम्हीच दिसत होतो, म्हणून काळ्या चादरीला लेन्सपुरते भोक पाडून ती कॅमेऱ्यापुढे धरली. आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, सगळे जागेवर उभे.

फोटो संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा चौकटीत कधी न दिसलेली गोष्ट दिसली. दाजींच्या खिशाला पेन होते. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रात्रीच्या वर्गात सही शिकले ना, त्या आठवड्यात घेतलं होतं." भाच्याला हे ठाऊक नव्हते. तीन प्रती काढल्या. एक घरात, एक गावी आजीकडे आणि एक भाच्याने आपल्या बॅगेत ठेवली आहे. तुमच्या घरात असा फोटो असेल तर येत्या पावसाआधी त्याची नक्कल करून घ्या. मोबाइलनेही हे काम होते, पद्धत हीच.

सामानाची राखण

कोकण आणि मुंबईच्या हवेत लेन्सचा पहिला शत्रू दमटपणा आहे. चामड्याच्या बॅगेत, कपाटात कपड्यांमागे ठेवलेल्या लेन्सला एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. जेलचा रंग बदलला की दाणे मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. मात्र स्वयंपाकाच्या तव्यात करू नये, निळ्या दाण्यांतले रसायन पोटात जाण्यासारखे नाही. तांदळात लेन्स ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये, त्याचे पीठ आत जाते.

जयंतीच्या मिरवणुकीत निळ उडते, लग्नात हळद उडते. तेथे लेन्सपुढे साधी फिल्टरची काच लावावी, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि लेन्स अजिबात बदलू नये. घरी आल्यावर आधी हवेच्या फुग्याने पूड उडवावी, मगच मऊ कापड लावावे. शर्टाच्या टोकाने पुसले तर काचेवर कायमचे ओरखडे पडतात. एरवी फिल्टरपेक्षा पुढे लावायचे हूड अधिक उपयोगी. ते बाजूचा झगमगाट अडवते आणि धक्काही झेलते.

आज दोन वर्षांनी भाचा स्वतःच्या नावावर कामे घेतो. जुना कॅमेरा तोच आहे, ५० मिमीची लेन्स नंतर कमाईतून आली. पावसाळ्यात अजूनही ओढाताण होते, तेव्हा तो जुन्या फोटोंच्या नकला करून देतो. मिररलेस घ्यायचे त्याच्या मनात आहे आणि तो घेईलही, पण रोखीने.

मुलींच्या पालकांना एक शब्द सांगून थांबतो. होमाई व्यारावाला यांनी मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि त्या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. साडी नेसून, जड कॅमेरे खांद्याला लावून त्यांनी देशातले मोठे प्रसंग टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे फोटोंत मांडले, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ज्या कामगारांकडे बघून लोक नाक मुरडत होते ते त्यांच्या फोटोंतून शहराला दिसले. आपल्या वस्तीतही लग्नाच्या खोलीत, हळदीला, बाळंतिणीजवळ बायकांना बाई फोटोग्राफर हवी असते आणि ती मिळत नाही. मुलीने कॅमेरा मागितला तर आधी तिला जागा, वेळ आणि उजेड यांची यादी करायला सांगा. मग तिच्याबरोबर बसून हिशेब करा.